बसल्याशिवाय काजळ नाही

कृष्णराव बावनकर माझ्या पार्लरमध्ये शिरले तेव्हा मी एका बाईच्या भुवया करत होते. दारावर ‘केवल महिलाओं के लिए’ असं बोटभर जाड लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. ते न दिसायला हा माणूस काही अडाणी नाही. चौतीस वर्षं मालगाडीचं इंजिन चालवलेला, लांबून सिग्नल ओळखणारा माणूस. खुर्चीतली बाई दचकून उठली, माझ्या दातातला दोरा तुटला आणि माझं डोकं फिरलं.

“काकाजी, हे काय बाप्पा! बाहेर थांबा ना!”

ते बाहेर थांबले. पाऊण तास माझ्या पायरीवर जानेवारीचं ऊन अंगावर घेत बसून राहिले. ती बाई गेल्यावर आत आले, दार लोटलं, परत उघडून रस्त्यावर कोणी आहे का ते पाहिलं, पुन्हा लोटलं.

“रश्मी, मले काजळ लावाले शिकव.”

मी हसले. हसायला नको होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि हसू तिथंच राहिलं. हा माणूस घाबरलेला होता. घरात साप निघाल्यावर माणसं शेजाऱ्याकडे येतात ना, तसा आला होता.

इकडे छत्तीसगडात, भिलाईच्या स्मृति नगरात, त्यांच्या आणि आमच्या घराला एकच भिंत. कृष्णराव मूळचे तुमसरकडचे. रेल्वेत लागले आणि भिलाई-3 च्या रेल्वे यार्डातून आयुष्यभर दगड-कोळशाच्या गाड्या ओढल्या. रिटायर झाल्यावर इथं घर घेतलं. मुलगा गौरव हैदराबादला असतो, फोन रोज करतो, येतो वर्षातून एकदा. कृष्णरावांचं बोलणं जेमतेम, त्यांच्या वाटचंही अन्नपूर्णाकाकू बोलून घ्यायच्या.

काकूंचं तोंड म्हणजे आमच्या गल्लीतली एक शिस्त होती. दूधवाला आला तरी कॉम्पॅक्ट पावडर, काजळ, टिकली आणि फिक्या विटकरी रंगाची लिपस्टिक झाल्याशिवाय त्या पातेलं घेऊन बाहेर यायच्या नाहीत. सगळं मिळून सात मिनिटं. मी पार्लरवाली, पण मला त्यांनी चेहऱ्याला कधी हात लावू दिला नाही. “माह्यं तोंड मीच करीन, तू माह्ये केस काळे कर,” म्हणायच्या. आणि खरं सांगते, त्यांना जमायचं ते मला दोन-दोन डिप्लोमे करून जमलेलं नाही. मेकअप केलाय हे कळायचंच नाही, आज काकू छान दिसतायत एवढंच कळायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड उजवीकडून खाली ओढलं गेलं आणि बोलणं बंद झालं. बारा दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्या त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या. डॉक्टरांनी कृष्णरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पहिले तीन महिने महत्त्वाचे. रोज व्यायाम झाला तर हात-पाय बरेचसे परत येतील. पडून राहिल्या तर पडूनच राहतील, आणि पडून राहिलेलं माणूस फार काळ टिकत नाही.

फिजिओथेरपीच्या मॅडम दोनदा घरी आल्या. दोन्ही वेळा काकूंनी डाव्या हातानं पदर तोंडावर ओढला तो सोडलाच नाही. मी भेटायला गेले तर मलाही पदरच दिसला. एकदा त्यांनी डाव्या हातानं स्वतःच काजळ घालून पाहिलं. ते आधी भुवईत गेलं, मग गालावर. कांडी त्यांनी भिंतीवर फेकून मारली. त्या दिवसापासून कृष्णरावांखेरीज कोणाला खोलीत येऊ देईनात.

“तिचं तोंड तिच्यासारखं झालं ना, तर थे बसन. व्यायामाले बी चालन,” कृष्णराव सांगत होते. “तुले हात लावू देत नाई. मले देईन. पन मले काई येत नाई. पाच हप्ते गेले, रश्मी. आठ रायले.”

तर मी शिकवायला लागले. पण शिकवणार कोणाच्या चेहऱ्यावर? माझ्या चेहऱ्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती, आणि लावला असता तर गल्लीनं आम्हा दोघांनाही सुखानं जगू दिलं नसतं. मग त्यांच्याच चेहऱ्यावर. दुपारी एक ते दोन, गिऱ्हाईक नसताना, आतून कडी लावून, सहासष्ट वर्षांचा एक मिशीवाला माणूस माझ्या आरशासमोर बसून डोळ्यात काजळ घालायचा. बाहेर कोणी खोकलं तरी टॉवेलात तोंड लपवायचा. एकदा काजळ पुसायचं विसरून तसेच भाजी घ्यायला गेले. भाजीवालीनं छत्तीसगडीत विचारलं, “आँखी आ गे हे का, बबा?” म्हणजे डोळे आलेत का. तेव्हा टोमॅटो तिथंच टाकून घरी आले. दोन दिवस मग गल्लीत तोंड दाखवलं नाही.

पहिलं काम रंग निवडायचं. पावर हाउस भागातल्या मार्केटातून त्यांनी जो कॉम्पॅक्ट आणला होता, तो दुकानदारानं ‘सबसे बढ़िया’ म्हणून गळ्यात मारलेला, गुलाबी, गोऱ्यापान बाईचा. काकू गव्हाळ. तो लावला असता तर राख फासल्यासारखं दिसलं असतं. “ट्यूबलाइटच्या उजेडात रंग घेतात का कोनी?” म्हणून मी त्यांच्यावर खेकसले आणि माझ्याकडचे तीन रंग दिले. सांगितलं, कानाच्या खाली जबड्यावर तीन रेघा ओढा, खिडकी उघडून दिवसाच्या उजेडात पाहा. जी रेघ दिसेनाशी होईल, तो काकूंचा रंग.

दहा मिनिटांत येतो म्हणून गेले ते तासाभरानं आले. मानेवर घाम.

“मधली गायब झाली,” म्हणाले.

“मंग येवढा टाइम?”

“झोपली होती थे. रेघा ओढल्या, आन मंग श्वास चालू हाये का नाई थेच पाहत राह्यलो.”

मी पटकन विषय बदलला. मला ते ऐकायचं नव्हतं.

बाकीचं हळूहळू आलं. आधी क्रीम, मग पाच मिनिटं थांबायचं. कॉम्पॅक्ट घासायचा नाही, दाबून टेकवायचा. ओठांना फार छळायचं नाही, कारण गडद लिपस्टिक लावली की आधी वाकडेपणाच दिसतो. बोटावर थोडा रंग घेऊन नुसता टेकवायचा, कडा आखायच्या नाहीत. लकव्यानं काकूंचं तोंड खालून ओढलं होतं, पण कपाळ आणि डोळे जसेच्या तसे होते. “काकूचे डोळे अजून काकूचेच हायेत,” मी म्हटलं. “पाहनाऱ्यानं तिथंच पाह्यलं पायजे.”

आठव्या दिवशी माणूस तयार झाला. हात असा स्थिर की स्वतःच्या डोळ्यांना घातलेलं काजळ पाहून मलाच हेवा वाटला. मी म्हटलं, उद्यापासून सुरू करा.

उद्या गेला, परवा गेला, चार दिवस गेले. कधी क्रीम सापडत नव्हतं, कधी काकूंना खोकला होता. एक दिवस म्हणे लाइट गेली होती. सकाळी नऊ वाजता लाइट जाऊन काय बिघडतं, ते मला कळलं नाही. इकडे दिवस चाललेत आणि हा माणूस बहाणे सांगतोय! पाचव्या दिवशी मी न विचारता सरळ त्यांच्या घरात घुसले.

काकू पलंगावर उताण्या पडल्या होत्या. कृष्णराव त्यांच्यावर वाकून उभे, हातात काजळाची कांडी, आणि ती कांडी लटलट कापत होती. काकूंनी मला पाहून पदर ओढला नाही. मी आलेय हेही बहुतेक त्यांना कळलं नाही. त्या नवऱ्याकडे टक लावून पाहत होत्या आणि डाव्या डोळ्यातलं पाणी सरळ कानात उतरत होतं. माझ्याकडे वॅक्सिंगला पहिल्यांदा येणाऱ्या पोरी घाबरतात, ती भीती मी रोज पाहते. काकूंच्या डोळ्यातली पाहून मला पाय मागं घ्यावासा वाटला.

मी कृष्णरावांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू केला. “अठ्ठावन्न डब्ब्याची गाडी चालवली तुम्ही, आन हे बोटभर कांडी तुमच्या हातात राहत नाई? दिवस काहून घालवून राह्यले?”

“मले भेव वाटते,” ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

मग बोलले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“माही माय गेली तवा मी नोकरीवर नवीनच होतो. तार भेटली. गावाले पोचलो तर तिले आंगनात निजवली होती. बाबा जिते होते. सवाष्ण गेली म्हून बाया तिले सजवून राह्यल्या होत्या. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, येवढं मोठं कुंकू. मावशीनं वाकून तिच्या डोळ्यात काजळ घातलं. मले म्हने, पाह्य, किती साजरी दिसते तुयी माय. जितेपनी तिनं कधी काजळ घातलं नवतं, रश्मी. तिले टाइमच नवता.”

मग हातातल्या कांडीला टोपण लावलं.

“निजलेल्या बाईले दुसऱ्यानं काजळ घालताना मी तवाच पाह्यलं. त्याच्यानंतर आता माह्या हातात हे कांडी आली.”

आणि मग खरं होतं ते बोलले. काकू दरवर्षी वडाच्या पूजेला, प्रत्येक हळदीकुंकवाला एकच मागणं मागत आल्या होत्या, की मला यांच्या आधी, भरल्या कपाळानं जाऊ दे. आमच्याकडच्या साऱ्याच बायका मागतात, मीही मागते, तोंडपाठ झालेलं असतं. “आता मी तिच्या कपाळाले हात लावला,” कृष्णराव म्हणाले, “तर तिले वाटन मी तिले जायाले तयार करून राह्यलो. तिले वाटूनच राह्यलं. पाह्यलं ना तू तिच्याकडं?”

एक गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या घरून मला बोलावणं आलं. मी पेटी घेऊन गेले, तर ती गिऱ्हाईक जमिनीवर होती. सवाष्ण. घरच्यांनी हात जोडले, तिला फार हौस होती म्हणाले. मी केलं. गार कातडी पावडर धरत नाही, ब्रश नुसता घसरत राहतो. घरी येऊन मी सगळे ब्रश फेकले आणि आठवडाभर पार्लर उघडलं नाही. आणि आता या माणसाला मी आठ दिवस हेच शिकवलं होतं, वरून त्याच्यावर ओरडतही होते.

आत काकू एकट्या होत्या आणि आत जायची दोघांचीही हिंमत होत नव्हती. मग मला राग आला. त्या मावशीचा आला, स्वतःचा आला, त्या पलंगाचाही आला. राग आला की मला सुचतं, हा एक माझा गुण आहे.

“निजलेल्या बाईले करायचंच नाई,” मी म्हटलं. “माह्या खुर्चीत बसल्याशिवाय मी कोनाच्या डोळ्याले हात लावते का? काकूले बसवा. बसल्याशिवाय काजळ नाई.”

“थे बसत नाई. उजवीकडं पडते.”

“मंग धरू. मी मांगून धरीन, मले तोंड बी दिसनार नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही व्हरांड्याच्या दाराशी हात असलेली खुर्ची मांडली. उजव्या बाजूला दोन उशा खोचल्या. काकूंना उचलून बसवताना त्यांचं सगळं अंग विरोध करत होतं, म्हणजे जेवढं अंग त्यांचं राहिलं होतं तेवढं. मी मागे उभी राहून दोन्ही खांदे धरले. उजवा खांदा हाताला नुसता जड लागत होता.

क्रीम झालं. पाच मिनिटं थांबलो. मग कृष्णरावांनी पफ हातात घेतला आणि म्हणाले, “डोळे मीट.”

त्यांनी मिटले असावेत, कारण कृष्णरावांचा हात हवेतच थांबला. काकूंची मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. मला समोर फक्त कृष्णरावांचा चेहरा दिसत होता. पांढराफटक पडला होता.

“अवो,” ते म्हणाले.

काकू गप्प.

“अवो, गौरवची माय.”

काकू गप्पच. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी तोंडातून आवाज काढला नव्हता. शब्द वाकडे येतात म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. पण त्या क्षणी माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही. मी खांद्यावरचा हात हळूच मानेकडे सरकवला, नाडी लागते का बघायला. लागली नाही. माझ्याच छातीत इतकं धडधडत होतं की बोटांना दुसरं काही कळत नव्हतं.

“अन्नपूर्णा!” कृष्णराव ओरडले. त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. “बोल! इंजिनावर सिग्नल दिसला का दोघायले बी मोठ्यानं बोलाव लागते. मी हिरवा म्हटलं, का असिस्टंटनं बी हिरवा म्हनाव लागते. थो बोलला नाई का समजाचं, त्याचा डोळा लागला. मंग खैर नाई. मी पावडर म्हनतो, तू बी काई तरी म्हन. तू बोलल्याशिवाय माहा हात पुढं जात नाई. मले भेव वाटते, अन्नपूर्णा. लय भेव वाटते मले.”

चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी तिला पहिल्यांदाच सांगितलं असावं.

माझ्या हाताखालचा डावा खांदा हलला. मग आवाज आला. त्याला शब्द म्हणता येणार नाही, खोल विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढलेला एक “ह्आ.” कृष्णरावांनी डोळे पुसले आणि पफ तिच्या गालाला टेकवला.

तेव्हापासून रोज. ते मोठ्यानं “क्रीम” म्हणायचे, मग काकू काहीतरी म्हणायच्या, मगच हात पुढं जायचा. चौथ्या दिवशी “काजळ”मधला “का” आला. दहाव्या दिवशी टिकली तिरकी लागली तेव्हा काकू आपणहून “डावी” म्हणाल्या, आणि कृष्णराव ती सरकवायला इतके खुश होऊन धावले की टिकलीच हरवली. दोन उशांची एक झाली. मग मी धरायचं सोडलं. तरी माझी भीती काही गेली नाही. साडेआठला भिंतीपलीकडून आधी त्यांचा आवाज यायचा, मग तिचा. त्या दोन आवाजांच्या मध्ये मी माझ्या स्वयंपाकघरात पोळी तव्यावर तशीच ठेवून उभी असायचे. एकदा तिचा आवाज आलाच नाही. मी अनवाणी धावत गेले. काकूंना ठसका लागला होता आणि कृष्णराव पाण्याचा पेला घेऊन उभे होते. मी त्यांच्यावर उगीचच ओरडले आणि परत आले. पोळी जळून कोळसा झाली होती.

चार हप्ते उरले होते तेव्हा एका सोमवारी कृष्णरावांनी व्यायामाच्या सेंटरला जायला ऑटो सांगितला. मी दारात उभी होते. काकूंनी त्या दिवशी मला पहिल्यांदा समोरून पाहू दिलं. तोंड अजून ओढलेलं होतं, कोणालाही दिसलं असतं. कॉम्पॅक्ट कानापाशी थोडा जास्त झाला होता, माझा हात शिवशिवला. पण विटकरी रंग ओठांवर जेमतेम टेकवलेला, काजळ बारीक आणि सरळ, आणि त्या काजळातून माझ्याकडे बघणाऱ्या अन्नपूर्णाकाकूच होत्या.

“चालाचं?” कृष्णरावांनी विचारलं.

काकूंनी डाव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं आणि मान हलवली. नाही.

एवढं सगळं या दारातून बाहेर पडण्यासाठी चाललं होतं, आणि इथंच त्या नाही म्हणाल्या तर पुढचं सगळं मला दिसत होतं. कृष्णरावांनाही दिसत असणार, ते मटकन त्यांच्या पायाशी बसले.

काकू बोलू लागल्या. एकेका शब्दासाठी जबडा हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा.

“मी... आधी... नाई... मरत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या... मांगून.”

सांगा, कुठली बाई नवऱ्याच्या तोंडावर असं बोलते? आमच्याकडे असं नुसतं मनात आणणं म्हणजे अपशकुन. जन्मभर जिनं भरल्या कपाळानं जायचं मागितलं, तिनं ते मागणं त्या दारात सोडून दिलं. तिनं त्या पलंगावरून त्यांच्या हातातली कांडी कापताना पाहिली होती. तो हात पुन्हा तसा कापायला नको, म्हणून पांढरं कपाळ घेऊन मागं राहायला ती तयार झाली होती. मी दाराची चौकट घट्ट धरली.

कृष्णरावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग रोज सकाळी म्हणायचे तसं मोठ्यानं म्हणाले, “मी आधी. तू मांगून.” आणि उत्तरासाठी थांबले.

“तुम्ही आधी,” काकू म्हणाल्या. “मी मांगून.” आणि त्यांचं मनगट सोडून बाहेर थांबलेल्या ऑटोकडे बोट केलं.

काकूंचे डोळे भरून आले होते. “रडू नोको,” कृष्णराव घाईघाईनं म्हणाले, “काजळ उतरन,” आणि तिच्या पायाशी बसल्या बसल्या स्वतःच हमसून हमसून रडू लागले.